चार खोल्या, तीन माणसं

कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघींनी चार बेडरूमचं घर भाड्याने घेतलं. चौथ्या खोलीत कुणी राहायचं नाही, हे करारावर सह्या करतानाच ठरलेलं होतं. घरमालकाला तशी काही हौस नव्हती. चौथी मुलगी मिळाली असती तर त्याला हवीच होती. आडवा येत होता तो शहराचा नियम. एकमेकांशी नातं नसलेली तीनच माणसं एका घरात राहू शकत होती. घर केवढं, खोल्या किती, बाथरूम किती, याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नव्हतं.

गावात सगळे त्याला 'यू प्लस टू' म्हणायचे, म्हणजे तू आणि आणखी दोघं. साठच्या दशकापासून तो कागदावर होता आणि २००७ पासून शहराने तो खरोखर राबवायला घेतला. मी इथे मृदाशास्त्रात पीएचडी करायला आले तेव्हा सीनियर मंडळींनी बँक खातं, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बर्फातले बूट यांच्याबरोबरच हीही माहिती दिली होती. मी ती कानाआड केली. पहिलं वर्ष दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये गेलं, तिथे प्रश्नच आला नाही.

नियमातली कुटुंबाची व्याख्या मी पुढे नीट वाचली. रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं किंवा पालकत्वाचं नातं असेल तर माणसं कितीही चालतील आणि वर एक परकं माणूसही चालेल. म्हणजे आजी-आजोबा, तीन मुलं, सुना, नातवंडं असं बारा जणांचं खटलं आमच्याच घरात राहिलं असतं, वर एक पेइंग गेस्ट ठेवला असता, तरी या नियमाची हरकत नव्हती. आम्ही चौघी प्रत्येकी एका खोलीत राहिलो असतो तर मात्र नियमभंग. सांगलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा आईने क्षणात तोडगा काढला. "अगं, मग मावसबहिणी आहोत म्हणून सांगायचं. तिकडे कोण कुळं तपासायला येतंय?" तिला म्हटलं, एक विजयवाड्याची आणि एक नेब्रास्काच्या शेतकऱ्याची सोनेरी केसांची मुलगी. मावशी किती फिरली म्हणायची?

पुण्यात नोकरी करताना कोथरूडला मी याचा देशी अवतार बघितला होता. 'फक्त फॅमिलीला' अशा पाट्या, ब्रोकरचं "मॅडम, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे," सेक्रेटरींच्या घरी जाऊन दिलेली जवळजवळ मुलाखत. पण तिथे आडवं येतं ते सोसायटीच्या कमिटीचं मन किंवा तिचा एखादा ठराव. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली असेल, तर निदान वाद घालायला जागा असते. एखादी सोसायटी नाही म्हणाली तर पलीकडची हो म्हणते. इथे पलीकडची सोसायटी नव्हती, अख्ख्या शहराला एकच नियम.

घरं शोधण्याचा हंगाम इथे लवकर सुरू होतो. भाडेकरार बहुतेक ऑगस्टला बदलतात, पण विद्यापीठाच्या आसपासची चांगली घरं फेब्रुवारी-मार्चमध्येच उचलली जातात. आम्ही जाहिराती चाळायचो तेव्हा 'चार बेडरूम, कमाल तीन भाडेकरू' हे इतक्या वेळा दिसायचं की आधी विचित्र वाटलेली ती ओळ आठवड्याभरात डोळ्यांना सवयीची झाली. आमच्या घराचं भाडं महिन्याला २,६४० डॉलर. तिघींत ८८०, चौघींत ६६० झालं असतं. २२० डॉलरचा फरक पगारदार माणसाला फार वाटणार नाही, पण विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तेही कॅम्पसवर. माझा महिन्याचा किराणा त्या २२० मध्ये येत होता.

सह्यांच्या दिवशी घरमालकाने भाडेकरारासोबत एक वेगळा कागद पुढे केला. घरात जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात हे मला सांगितलं गेलं आहे आणि मला ते समजलं आहे, असं लिहून द्यायचा तो शहराचा नमुना होता. घर विकतानाही तो भरून द्यावा लागायचा. मालक निवृत्त शिक्षक, गृहस्थ सरळ. म्हणाला, "आधीच्या भाडेकरूंनी यावर सही केली होती आणि सात जण राहिले. तुम्ही तसं करू नका, दंड मलाही होतो." दंड दिवसाला हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो, हेही त्याने सांगितलं. आम्ही सह्या केल्या. चौथी खोली तळघरात होती. तिथे आम्ही रिकाम्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि माझी मातीच्या नमुन्यांची खोकी ठेवली.

माझ्याच प्रयोगशाळेत नाशिकची एक मुलगी होती. तिला गावात परवडेल अशी जागा मिळाली नाही म्हणून ती दक्षिणेकडच्या लव्हलँडमध्ये एका कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होती. त्यासाठी तिला जुनी गाडी घ्यावी लागली. रात्री प्रयोग लांबला की ती आमच्याकडे जेवायला यायची. पिठलं-भात तिच्या हातचा, वरण माझ्या. जेवून, भांडी घासून, उशिरा परत जायची. हिवाळ्यात हायवेवर बर्फ असला की कधी आमच्या सोफ्यावर झोपायची. आमच्या तिघींच्या तीन गाड्या होत्या. दोन आवारात मावायच्या, एक रस्त्यावर. तिची गाडी चौथी आणि ती नेमकी शेजारच्या आजींच्या खिडकीसमोर लागायची.

जानेवारीत शहराकडून पत्र आलं, मालकाला आणि आम्हालाही. या पत्त्यावर मर्यादेपेक्षा जास्त लोक राहत असल्याची तक्रार आली आहे, चौकशी होईल, एवढाच मजकूर. पत्राची भाषा अगदी सभ्य होती. पण व्हिसावर राहणाऱ्या माणसाला सरकारी पाकीट दिसलं की पोटात गोळा येतो, तिथे भाषा कोण बघतंय? विजयवाड्याची तर थेट आपला प्रवेश रद्द होईल या निष्कर्षावर पोचली. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागार बाईंनी समजावलं की हे दिवाणी स्वरूपाचं प्रकरण आहे, गुन्हा नाही, खरं असेल ते सांगा. नेब्रास्काची निवांत होती. "लपवायला आहे काय आपल्याकडे? इस्त्री?"

चौकशीला आलेला माणूस तरुण होता, बूट दारात काढायला तयार. कोण कोण राहतं, कुठली खोली कुणाची, बाहेरच्या गाड्या कुणाच्या, असे प्रश्न. भाडेकराराची प्रत आम्ही पुढे केली. घर दाखवणं बंधनकारक नाही हे त्यानेच आधी सांगितलं, पण आम्ही तळघर दाखवलं. खोक्यांवरची 'वेल्ड परगणा, ० ते १५ सेंटिमीटर' ही लेबलं त्याने कुतूहलाने वाचली. चौथ्या गाडीबद्दल मी खरं ते सांगितलं. मैत्रीण जेवायला येते, लव्हलँडला राहते, हा तिच्या खोलीचा करार. काही दिवसांनी प्रकरण बंद झाल्याचं कळलं.

वागणूक चांगली मिळाली, तक्रार करायला जागा नाही. तरी आपल्याकडे कोण जेवायला येतं, कितीदा येतं आणि रात्री जातं की राहतं, हे अनोळखी माणसाला समजावून सांगताना कसंसंच होतं. त्यानंतर नाशिकच्या मुलीने येणं कमी केलं. आली तरी गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची. मला त्या पत्रापेक्षा हे जास्त लागलं.

तक्रार कुणी केली हे शहर सांगत नाही. ते आजींनीच सांगितलं. इथे बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ साफ करावा लागतो. एका सकाळी मी फावडं चालवत होते, आमचा झाल्यावर त्यांचाही तुकडा ओढला. त्या कॉफीचे दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "फोन मी केला होता." मग बराच वेळ बोलल्या. चाळीस वर्षं त्या घरात. आमच्याआधीच्या मुलांच्या काळात अंगणात बिअरचे डबे, पहाटेपर्यंत गाणी, त्यांच्या गाडीला बाहेर पडायला वाट नाही. मी विचारलं, मग गोंगाटाची तक्रार का नाही केली? तर म्हणाल्या, ती करायची तर गोंगाट चालू असताना पोलीस यायला हवेत. शिवाय पार्टी आधी नोंदवलेली असली की पोलीस पाठवण्याआधी फोन करून वीस मिनिटं देतात, तेवढ्यात सगळं शांत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "गाड्या मात्र मला खिडकीतून मोजता येतात."

त्यांचा त्रास खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. सात मुलांच्या शेजारी राहून बघा म्हणजे कळेल. पण आवाज, कचरा, गाड्या, बर्फ या प्रत्येकाला शहराचा स्वतंत्र नियम होताच. ते नियम लावणं कष्टाचं, म्हणून सगळा भार नात्यावर टाकलेला. नातं मोजायला सोपं. आमच्या तिघींचा आवाज त्यांना कधी आला नव्हता, हेही त्यांनी त्याच कॉफीवर कबूल केलं.

त्या पत्रानंतर मी रात्री जागून वाचत बसले. मातीऐवजी कायदा. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं छोटं गाव आहे. तिथे स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी मिळून घर भाड्याने घेतलं होतं. त्या गावाचा नियम आमच्याहून कडक, नातं नसलेली दोनच माणसं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गाव जिंकलं. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी शांत वस्ती, ऐसपैस अंगणं, थोडी माणसं आणि मोजक्या गाड्या यांच्या बाजूने निकाल लिहिला. विरोधी मत थर्गुड मार्शल यांचं. गर्दी नको असेल तर सगळ्याच घरांना सारखी मर्यादा घाला, गाड्यांवर घाला, पण कुणी कुणाबरोबर राहायचं यावर घालू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पन्नास वर्षांपूर्वीचं ते मत वाचताना मला आजींची खिडकी दिसत होती.

त्याहून जास्त रुतलं ते १९७७ चं प्रकरण. ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडमध्ये इनेझ मूर या आजी आपला मुलगा आणि दोन नातवंडांसह राहत होत्या. नातवंडं सख्खी भावंडं नव्हती, चुलत होती. एकाची आई वारली म्हणून तो आजीकडे आलेला. त्या शहराने 'कुटुंब' इतकं बारीक कातरलं होतं की दोन मुलांची मुलं एका आजीच्या घरात बसत नव्हती. नातवाला बाहेर काढलं नाही म्हणून आजींना पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या, पण पाच विरुद्ध चार. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? आमच्या सांगलीच्या वाड्यात आम्ही सहा चुलत भावंडं एका ओळीत झोपायचो. माझी आजी तर तुरुंगातच गेली असती.

या निकालानंतर नातेवाइकांना न्यायालयाचं संरक्षण मिळालं, नातं नसलेल्यांना मात्र नाही. 'यू प्लस टू' इतकी वर्षं टिकला तो याच फटीत.

फोर्ट कॉलिन्समध्ये विद्यार्थी संघटना या नियमाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेली होती. पण खरा बदल राज्याच्या राजधानीतून, डेन्व्हरच्या विधानभवनातून आला. २०२३ मध्ये जमीनवापराच्या एका मोठ्या विधेयकात ही मर्यादा काढायची तरतूद होती. ते विधेयक मे महिन्यात अधिवेशनाच्या शेवटाला बारगळलं. २०२४ ला याच एका विषयाचं सुटसुटीत विधेयक आलं, क्रमांक १००७. कामकाज इंटरनेटवर ऐकता येतं, म्हणून मी चाळणीने माती चाळता चाळता कानात लावून ऐकायचे. शहरांचा आक्षेप स्वायत्ततेचा होता. आमच्या गल्लीत काय चालतं ते आम्हाला कळतं, राज्याने कशाला सांगावं? काही रहिवासी गुंतवणूकदारांबद्दल बोलत. मर्यादा उठली की हे लोक घरं विकत घेऊन खोली-खोलीचं भाडं लावतील, मुलाबाळांच्या कुटुंबाला घर परवडणार नाही. ही भीती मला पोकळ वाटली नाही, आजही वाटत नाही. समोरच्या बाजूला भाड्याने पिचलेले लोक होते आणि त्यात सगळे विद्यार्थी नव्हते.

कोलोरॅडो यात पहिलं नव्हतं. आयोवाने २०१७ मध्ये, ओरेगन आणि वॉशिंग्टनने २०२१ मध्ये असे कायदे केले होते. डेन्व्हर शहराने २०२१ ला आपली मर्यादा पाचवर नेली होती आणि बोल्डरने २०२३ ला. राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी १५ एप्रिल २०२४ ला सही केली आणि १ जुलैपासून कायदा लागू झाला. घरात किती माणसं हे आता नात्यावरून ठरवता येत नाही. आरोग्य, आगीपासून सुरक्षा, इमारतीचे नियम, सांडपाण्याची क्षमता, अशा कारणांनी मर्यादा घालता येते.

नव्या करारात नाशिकच्या मुलीचं चौथं नाव घालायला आम्ही मालकाला फोन केला. वाटलं होतं, एक ओळ वाढवायची आणि मोकळं व्हायचं. मालकाने त्याच्या विम्याच्या माणसाला विचारलं आणि त्या माणसाने उलट विचारलं, "तळघरातल्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडता येतं का?"

येत नव्हतं. खिडकी होती, पण छताला चिकटलेली, लांबट आणि चिंचोळी, उजेडापुरती. आग लागली आणि जिना धुराने भरला तर झोपलेल्या माणसाला सुटायला वाट हवी. निवासी इमारतींच्या संहितेत त्याचं माप दिलेलं आहे. खिडकीच्या तोंडाची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको आणि उघडल्यावर निदान ५.७ चौरस फूट मोकळी जागा मिळायला हवी. बाहेर जमिनीत खड्डा करून, त्याला पत्र्याचा काठ लावून वर यायला वाट. मालक टेप घेऊन खाली गेला आणि वर आला तो कपाळाला हात लावून.

आधीचे सात जण याच घरात राहिले होते, म्हणजे त्यातला कुणीतरी त्या खोलीत नक्की झोपला असणार. गाड्या मोजल्या गेल्या, नावं विचारली गेली, कोण कुणाचं कोण ते लिहून घेतलं गेलं. त्या खिडकीला टेप लागली ती नात्याचा नियम गेल्यावर.

काम सोपं नव्हतं. काँक्रीटची भिंत कापायची, त्याआधी परवाना, मग कारागिरांची वाट. अंगणात मातीचा ढीग पडला तो मी फुकट तपासून दिला, भारी चिकणमाती. तोवर नाशिकची मुलगी करारावर नाव असूनही दिवाणखान्यात गादी टाकून झोपली. तळघरात खिडकी होईपर्यंत झोपायचं नाही, हे मालकाने लेखी घेतलं होतं आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. सप्टेंबरात काम झालं. मालकाने आम्हा चौघींना त्या खिडकीतून एकदा बाहेर चढून दाखवायला लावलं. आजी कुंपणापलीकडून बघत होत्या.

भाडं वाढलं. भिंत कापायचे पैसे कुठून येणार, असं मालकाचं म्हणणं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. २,६४० चे २,९०० झाले. चौघींत ७२५. म्हणजे ६६० चं माझं जुनं गणित काही खरं झालं नाही, पण ८८० पेक्षा १५५ कमी. विधानभवनातल्या त्या भीतीतला एक तुकडा आमच्या घरातही आला म्हणायचा. खोल्या वाढल्या की मालकाची अपेक्षा वाढते. गावातली घरं एकूण स्वस्त झाली का, हे मला आमच्या एका घरावरून सांगता येणार नाही.

ज्या चौथ्या गाडीवरून हे सगळं सुरू झालं ती नाशिकच्या मुलीने ऑक्टोबरात विकली. लव्हलँडची फेरी बंद झाली होती आणि गावातली बस आम्हाला फुकट होती. आजींच्या खिडकीसमोरची जागा मोकळी झाली. आता तिथे त्यांचा जावई गाडी लावतो.